अंबुताईंचं मुखपृष्ठ

अंबुताई दातारांच्या खिडकीचा फोटो मी मुखपृष्ठावर लावला आणि ती खिडकी त्यांच्या भिंतीतून गेली.

त्यांचा फोन आला. "केतकी, खिडकी गेली बघ. गिलावासुद्धा झालाय."

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले. पुस्तक त्यांचं पहिलंच, अण्णांबरोबरच्या संसारावर लिहिलेलं. अण्णा मिरजेत तंबोरे दुरुस्त करायचे. परवा प्रकाशन होतं, आधीच्या चित्रकारानं ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं आणि मुखपृष्ठ संध्याकाळच्या आत छापखान्यात जायला हवं होतं.

मी भिंतीला हात लावून पाहिला. कोरडी, जुनी भिंत. अण्णा रोजच्या खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होते. मी मुखपृष्ठावरची खिडकी पुसली. भिंत तशीच राहिली, आणि आता खिडकी कुठेच नव्हती. घाईघाईनं मी ती परत आणली.

"राहू दे," अंबुताई म्हणाल्या. "कुठेतरी असलेली बरी."

प्रकाशक टिपणीस यांचा फोन आला. "खिडकी छान आहे, पण ओकीबोकी वाटते. बाहेर एखादं झाड घाल."

"सर, झाड जाईल."

"जाऊ दे. वेळ कुठे आहे आपल्याकडे?"

दारात शेवगा होता. मी त्याचा फोटो काढला, खिडकीबाहेर बसवला आणि अंगणात येऊन पाहिलं. जमीन सपाट होती, नुकताच सडा घातल्यासारखी. ओट्यावर चिरून ठेवलेल्या शेंगा तेवढ्या राहिल्या. अंबुताईंनी त्यांची आमटी टाकली.

पुन्हा फोन. "आता माणूस हवा. दातारबाईंनाच घाल. त्यांचंच पुस्तक आहे."

माझ्याकडे दुसऱ्या बायकांचे कितीतरी फोटो होते. कुणाचाही चालला असता. हे मला आता रोज सुचतं.

"हिला नको," अण्णा म्हणाले.

पण अंबुताई आत जाऊन लुगड्यासारखी जाड, जांभळी साडी नेसून आल्या होत्या. केस नीट बसवलेले. "पहिलं पुस्तक आहे माझं," त्या म्हणाल्या. "लोकांना दिसू दे की."

मी म्हटलं, "पाठमोऱ्या बसा. म्हणजे पुढची बाजू इथे राहील."

तसंच झालं. फोटो मुखपृष्ठावर बसला आणि अंबुताई समोरून होत्या तशाच राहिल्या. वळल्या की मात्र दिसेनाशा व्हायच्या, मागची फळी आणि फळीवरचे डबे दिसायचे. त्या आमच्याकडे तोंड ठेवून, मागे मागे सरकत स्वयंपाकघरात गेल्या आणि आमटी घेऊन आल्या. अण्णा आपली खुर्ची उचलून त्यांच्या समोर समोर नेत होते.

"तिखट झालीय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले.

जेवण चालू असतानाच टिपणीसांचा तिसरा फोन आला. "पाठमोरी बाई नको. चेहरा पाहिजे."

"मी फाइल पाठवलीय, सर."

"मी छापखान्यातच उभा आहे. थांबवलंय त्यांना."

अंबुताईंना ऐकू गेलं होतं. "घे," त्या मला म्हणाल्या. "असं अर्धं राहून कसं व्हायचं? झोपेत कूस बदलली तर ह्यांना वाटेल, मी गेले."

"मी जागा राहीन," अण्णा म्हणाले.

त्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी तेव्हा फोन बंद करून घरी जायला हवं होतं. कुणी अडवलं नसतं. पण अंबुताईंनी पदर सारखा केला, ओठ मिटून घेतले आणि मान हलवली, आणि मी फोटो काढला. चेहरा पुढच्या बाजूला, पाठ मलपृष्ठावर. फाइल गेली. अण्णा उठले, आमटीच्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसले. समोर कुणी नव्हतं.

प्रकाशनाला गर्दी झाली. टिपणीसांनी मुखपृष्ठाचं कौतुक केलं, माझं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. लेखिका प्रकृतीच्या कारणानं येऊ शकल्या नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

अण्णा पुस्तकांच्या टेबलाजवळ उभे होते. कुणी प्रत घेतली की ते तिच्यावर वाकायचे आणि हळूच म्हणायचे, "पोचलीस की कळव." लोक हसून मान डोलवत. कुणी प्रत काखेत धरली, कुणी पिशवीत टाकली. एका बाईंनी भाजीच्या जुडीखाली ठेवली. अण्णा प्रत्येकीला दारापर्यंत बघत राहायचे.

सभागृह रिकामं झाल्यावर मी पुढे गेले. टेबलावर एकच प्रत उरली होती. अण्णांनी ती दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली.

"पोचलीस की कळव," ते म्हणाले.

मी मुखपृष्ठ पाहिलं. अंबुताईंचे ओठ उघडे होते.