साहेबांच्या जागी बसलेला स्वेटर

मी स्वेटर बोलतोय. हसू नका. ज्या कचेरीत माझं आयुष्य गेलं, तिथे माझ्याइतकं नियमित कोणी नव्हतं. कधी रजा नाही, कधी उशीर नाही, कधी 'जरा बाहेर जाऊन येतो' नाही. छातीठोकपणे सांगतो, कारण मला पायच नाहीत.

मला विणलं एका आत्याबाईंनी. नजर अधू, पण हौस दांडगी. भाचा साहेब झाला म्हणून त्यांनी मोहरीच्या रंगाची लोकर आणली आणि टीव्हीवरच्या मालिका बघता बघता सुया चालवल्या. मालिकेत रडारड सुरू झाली की टाके मोजायचे राहून जात. परिणामी माझी उजवी बाही डावीपेक्षा वीतभर लांब झाली आणि गळा झाला एवढासा. भाचा म्हणाला, "वा आत्या, झकास!" आणि दुसऱ्याच दिवशी मला कचेरीत नेऊन खुर्चीच्या पाठीवर अडकवलं. घरी सांगितलं, "ऑफिसात एसी फार असतो, तिथेच घालतो." घातलं एकदाही नाही. त्याचा मला राग नव्हता. न आवडलेल्या भेटींच्या नशिबी तेच असतं.

ती कचेरी वीजबिलांच्या तक्रारींची. एक लांबलचक हॉल, ओळीने खिडक्या, आणि खिडक्यांपलीकडे बिल नाचवत उभी असलेली वैतागलेली माणसं. साहेबांचं टेबल हॉलच्या टोकाला, सगळ्यांवर नजर राहावी म्हणून. राहिली ती माझी नजर. साहेब सकाळी येत, चहा घेत, मला झटकून सरळ करत आणि निघून जात. जवळच त्यांच्या मित्राचं फर्निचरचं दुकान होतं. परत येत तेव्हा बुटांना लाकडाचा भुसा असे. कोणी विचारलं, "साहेब कुठायत?" की सगळा हॉल एका सुरात म्हणे, "आत्ताच होते इथे." म्हणून त्यांचं नावच पडलं होतं, आत्ताच-होते साहेब.

मग वरून फर्मान निघालं. माणसं जागेवर सापडत नाहीत, तेव्हा दिवसातून केव्हाही अचानक फेरी मारून हजेरी घ्यावी. हे काम आलं हजेरीबाईंकडे. बाई प्रामाणिक, त्यात खोट काढता येणार नाही. पण नियम म्हटला की डोकं घरी ठेवून येणाऱ्यातल्या. पहिल्याच फेरीत त्या गोंधळल्या. एक जण फाइल आणायला गेलेला, दुसरा झेरॉक्सला, तिसरा कुठे ते त्यालाच ठाऊक. गैरहजर धरायचं कोणाला? त्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सुचलं.

"सोपं आहे. खुर्चीवर कापड असेल तर माणूस आवारात आहे असं समजा. कापड नसेल तर मारा फुली."

झालं! आठवड्याच्या आत हॉलचं रूप धुणं वाळत घातल्यासारखं झालं. जॅकेटं, ओढण्या, मफलर. एका महाशयांनी मुलाला तोकडा झालेला रेनकोट आणला आणि भर उन्हाळ्यात तो खुर्चीवर शहाण्यासारखा बसून राहिला. माणसं कापड टांगत आणि मोकळी होत. हजेरीबाई कापडं मोजत आणि समाधानाने परत जात. वर्षाअखेरीला 'आदर्श उपस्थिती'चं प्रशस्तिपत्र कोणाला मिळालं असेल? आत्ताच-होते साहेबांना. घ्यायला ते जागेवर नव्हते. शिपाईमामांनी ते पत्र गुपचूप माझ्या गळ्यात अडकवलं. ज्याचं त्याला पोचलं म्हणायचं.

फुल्या खाल्ल्या त्या एकट्या ताईने.

ताई म्हणजे शेवटच्या खिडकीवरची. करारावर काम करायची, पण मीटरचं रीडिंग आणि बिलाचा आकडा यातली गफलत तिला एका नजरेत दिसे. रांगेतली माणसं दुसऱ्या खिडक्या रिकाम्या असल्या तरी तिच्याकडेच थांबत. तिला आतड्यांचं दुखणं होतं. आतड्यांना सूज यायची, उतरायची, पुन्हा यायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा आता जन्माचा सोबती, त्याच्याशी जमवून घ्या. जमवून घेणं म्हणजे ठरावीक इंजेक्शन, आणि कळ आली की हातातलं टाकून शौचालयाकडे धाव. शौचालय हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. अंगात रक्त कमी, त्यामुळे थंडी फार वाजे. म्हणून ती शाल पांघरून बसायची आणि शाल पांघरूनच जायची. खुर्ची मागे उघडी. हजेरीबाई नेमक्या तेव्हाच उगवायच्या, आणि फुली.

"अगं, शाल खुर्चीवर टाकून जात जा की," शेजारची बाई सांगायची. तिचा स्वतःचा स्टोल खुर्चीवर असे आणि ती बाजारात.

"शाल खुर्चीला दिली तर मी कुडकुडत जाऊ का?" ताई म्हणायची. "थंडी मला वाजते, खुर्चीला नाही."

एवढी साधी गोष्ट. पण त्या हॉलमध्ये ती कोणाच्या डोक्यात शिरली नाही.

एकदा ती साहेबांसमोर डॉक्टरांचं पत्र घेऊन उभी राहिली. साहेब चुकून जागेवर होते. त्यांनी पत्र वाचलं नाही, तिचा चेहरा वाचला.

"आजारी तर दिसत नाही तुम्ही. चांगल्या टवटवीत आहात."

"दुखणं चेहऱ्याला नाही हो साहेब, पोटाला आहे."

"पोट सगळ्यांनाच असतं. सकाळी घरून निघतानाच काय ते उरकून यायचं! माझ्या साडूलाही असंच व्हायचं. रोज चालायला लागला, गेलं सगळं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. वर म्हणाले, "हे पत्र मागच्या महिन्याचं आहे. दर महिन्याला ताजं लागतं."

"पण हे बरं होणारं नाही, असंच लिहिलंय त्यात."

"असेल. पण अजून बरं झालेलं नाही, हे कळायला नको आम्हाला?"

वा रे अक्कल! जे दुखणं कधीच जाणार नाही, ते गेलेलं नाही हे दर महिन्याला सिद्ध करायचं. त्यासाठी दवाखान्यात जायचं, म्हणजे कामावर गैरहजर राहायचं, म्हणजे आणखी एक फुली. माझ्या लोकरीला तेव्हा कसर लागली असती तरी इतकी आग झाली नसती. पण साहेबांना स्वतःच्याच बोलण्यातला विनोद कळला नाही. ते उठले, मला झटकलं आणि गेले.

ताईच्या कराराचं वर्ष संपत आलं. फुल्या जास्त झाल्या की करार वाढत नाही, हा नियम. ताईला नोटीस आली, मुख्य कार्यालयातून तपासनीस बाई येणार आहेत, त्यांच्यासमोर खुलासा द्या. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती शिपाईमामांजवळ बोलली ते मी ऐकलं. शिपाईमामा डब्याचं झाकण लावत होते.

"मामा, पगार गेला तर मी शिकवण्या घेईन, शिवण घेईन, काहीही करीन. पण इंजेक्शन इथल्या विम्यावर मिळतं. करार गेला की विमा गेला. मागे एकदा औषध चुकलं तेव्हा रक्त जाऊन दवाखान्यात पडले होते. आई अजून त्या आठवणीने रडते."

"तू देवमाणसासारखी काम करतेस गं पोरी," मामा म्हणाले.

"काम कोण बघतंय? शाल बघतात."

तपासणीच्या दिवशी सकाळपासूनच तिचं पोट बिघडलेलं. धास्तीनेही बिघडतं ते. एकदा धावत गेली आणि परत आली ती शाल ओली करून. चक्कर आली म्हणून तोंडावर पाणी मारायला गेली आणि शाल बेसिनमध्ये पडली म्हणे. ओठ निळे, दात कडकड वाजताहेत, तरी खिडकीवर बसून एका म्हातारबुवांचं रीडिंग तपासत होती. मामा तरातरा साहेबांच्या टेबलाशी आले, मला खुर्चीवरून उचललं आणि तिच्या अंगात घातलं.

"अहो मामा, साहेबांचा आहे!"

"असू दे. त्यांना थंडी वाजायला ते इथे असतात कुठे?"

खरं सांगतो, त्या क्षणापर्यंत मला माझं काम काय ते माहीतच नव्हतं. मी खुर्ची झाकण्यासाठीच जन्मलोय अशी माझी समजूत होती. तिच्या अंगात गेलो, तिचा थरथराट माझ्या टाक्याटाक्यात उतरला, आणि हळूहळू थांबला. मी गरम झालो. इतकी वर्षं लोकर असून मला ते ठाऊक नव्हतं.

थोड्या वेळाने हजेरीबाईंची फेरी आली. साहेबांच्या खुर्चीशी त्या थबकल्या. पाठ उघडी. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं, कदाचित मी पडलो असेन म्हणून. मग बाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि साहेबांच्या नावापुढे फुली मारली. नियम तो नियम.

एवढ्यात तपासनीस बाई आल्या. "साहेब कुठायत?"

"आत्ताच होते इथे," सगळा हॉल म्हणाला.

"नाही, नव्हते," हजेरीबाई म्हणाल्या. "आज स्वेटर नाही."

"काय नाही?"

हजेरीबाईंनी पद्धत समजावून सांगितली, आणि ती चक्क अभिमानाने. कापड असलं की माणूस आहे, कापड नसलं की नाही. आजवर एकदाही गल्लत नाही.

तपासनीस बाईंनी त्या रेनकोटाकडे पाहिलं. मग इकडून तिकडे सगळ्या खुर्च्यांकडे. "आणि साहेबांना स्वतः कधी पाहिलंत?"

"स्वेटर रोज असतो बाई," हजेरीबाई म्हणाल्या. "पद्धत लागल्यापासून साहेबांना बघायची वेळच नाही आली."

हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकला काढला.

कोणीतरी फोन केला असणार. साहेब धापा टाकत आले, बुटांवर भुसा. सगळी हकीकत ऐकली, आणि त्यांची नजर ताईवर गेली. चोराच्या उलट्या बोंबा कशाला म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं.

"माझा स्वेटर! ह्यांनी माझा स्वेटर चोरला, म्हणून माझी हजेरी गेली! मी आवारातच होतो. आणि ह्यांच्याच फुल्यांची आज चौकशी आहे, बघा मॅडम, कसली माणसं ही!"

ताईने मला अंगातून काढलं. पुन्हा शहारे आले तिला. मी तिच्या हातातून साहेबांच्या हातात गेलो.

"तुमचा आहे ना?" तपासनीस बाई म्हणाल्या. "घाला."

"आता?"

"थंडी असते म्हणून ठेवलाय ना इथे? मग घाला."

साहेबांनी डोकं घातलं. माझा गळा एवढासा. डोकं अडकलं कानांपाशी. आतून गुदमरलेला आवाज, "आत्याने विणलाय..." ओढाओढीत डोकं बाहेर आलं तेव्हा केस उभे. पोट झाकेना. उजवा हात बाहीत हरवला आणि नुसती बाही तपासनीस बाईंपुढे लोंबकळत राहिली. मी काहीच मदत केली नाही. मुद्दाम.

कोणी हसलं नाही. मलाच तेवढं हसू येत होतं.

"काढा आणि त्यांना द्या," तपासनीस बाई म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. "तुमच्याकडे तक्रारी किती पडून आहेत?"

"काल संध्याकाळपर्यंतच्या एकही नाही. आजच्या चालू आहेत."

खिडकीबाहेरचे म्हातारबुवा काचेला नाक लावून ओरडले, "अहो, त्यांना आधी सोडा! माझं काम निम्मंच झालंय!"

"तुम्हाला काय हवंय?" बाईंनी विचारलं.

ताईने एकेक बोट दुमडत सांगितलं. "करार हवाय. शौचालयाजवळची खिडकी हवीय. आणि मी बरी झाले नाही, हे दर महिन्याला लिहून आणायला लावू नका. ते मला माहीत आहे हो."

करार वाढला. खिडकी मिळाली. दर महिन्याच्या पत्राचं मात्र 'विचाराधीन' आहे. अजूनही ती पत्र आणायला जाते, आणि विचार करणारे अजून विचारच करताहेत.

साहेबांची बदली झाली. तिथे त्यांनी छत्री नेलीय असं मामा सांगत होते. छत्री गुणी असेल तर यंदाचं प्रशस्तिपत्र तिचंच.

आणि ही कचेरी काय शिकली? परिपत्रक निघालं, खुर्चीवर कपडे टांगण्यास सक्त मनाई. आता सगळे टेबलावर उघडा चष्मा ठेवून जातात आणि हजेरीबाई चष्मे मोजतात. ज्यांना कधी चष्मा लागला नाही त्यांनीही विकत आणलेत.

मी ताईकडे आहे. लांब बाही तिने दुमडून शिवली, गळा उसवून मोठा केला. तिला कळ आली की ती उठते आणि मी तिच्याबरोबर जातो. जाताना रांगेला सांगते, "आलेच हं." रांग थांबते. मागे खुर्ची रिकामी असते, टेबलावर चष्मा नसतो. काल आम्ही शौचालयाच्या दारातच होतो, तेवढ्यात हजेरीबाई खुर्चीशी आल्या, पेन उचललं, आणि थांबल्या. पहिल्यांदाच त्यांनी खुर्ची सोडून खिडकीबाहेरच्या माणसांकडे पाहिलं.

"ताई येताहेत," रांगेतल्या एकीने सांगितलं. "आम्ही आहोत ना थांबलेले."

पेन कागदावर टेकलं की नाही, मला दिसलं नाही. तोवर मी तिच्याबरोबर आत होतो, तिच्या पोटाशी, कामावर.