थाळी रिकामी कुणी केली?

मित्रांनो, मी स्टीलची, खणाखणांची एक जुनी थाळी बोलते आहे. नवी होते तेव्हा इतकी लखलखीत होते की पेशंट माझ्यात तोंड बघून केस सारखे करायचे. आता कडेला पोचे आलेत. तरी नगरच्या एका दवाखान्यात दोन्ही वेळचं जेवण मीच पोचवते. मी रिकामी परतले की सगळे खूश व्हायचे, "पेशंट जेवला!" म्हणायचे. मलाही मोठा अभिमान वाटायचा. जळो मेला तो अभिमान!

बायकांच्या वॉर्डात अकोले तालुक्यातल्या चांगुणाबाई होत्या. शुगरमुळे पायाची जखम भरत नव्हती. जेवणाआधी त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन असायचं. जखम आता सुकत आली होती आणि घरी जायचे वेध लागले होते.

त्या दुपारी अश्विनी सिस्टरनी इंजेक्शन दिलं, मला पुढ्यात ठेवलं आणि बजावलं, "मावशी, लगेच जेवा बरं का. इंजेक्शन घेऊन उपाशी राहिलात तर शुगर एकदम उतरते."

"व्हय बाई, जेवते."

सिस्टर पुढच्या खाटेकडे गेल्या. चांगुणाबाईंनी भाकरी मोडली, तोच दारात त्यांचा धाकटा भाऊ भीमा दिसला. आधी जीप, मग एसटी, असा पहाटेचा निघालेला.

"जेवला का रे?"

"असू दे आक्का, भूक न्हाई."

"गप! तोंड बघ कसं सुकलंय. ह्ये घे, खा. माझं मगाशीच झालं, ह्ये जास्तीचं हाय."

माहेरचं माणूस उपाशी असताना आपण घास घ्यायचा, हे त्यांना जमणारच नव्हतं. आक्का जेवली, हे भीमाला खरं वाटलं. बिचाऱ्याने मला अगदी पुसून खाल्लं. थाळ्या गोळा करणाऱ्या राहीबाईंनी विचारलं, "जेवलात ना?" भाऊ ओशाळेल म्हणून चांगुणाबाई हसल्या, "लई जेवले." अगं बाई, तुझ्या पोटात कणही गेला नाही, हे मला ठाऊक होतं. पण थाळीला कुठली आलीये वाचा?

आम्हा थाळ्यांची ढकलगाडी अजून वॉर्डाच्या कोपऱ्यातच उभी होती, म्हणून पुढचं सगळं मी पाहिलं. भीमा एसटी गाठायला गेला आणि थोड्या वेळाने चांगुणाबाईंना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले. शेजारची बाई म्हणाली, "उकाड्यानं हुतंय, पडा जरा." मग त्या निपचित पडल्या आणि सगळ्यांना वाटलं, डोळा लागला.

सिस्टर फेरीला आल्या तेव्हा चांगुणाबाई हाकेला ओ देईनात. पळापळ झाली, शिरेतून ग्लुकोज दिलं. जीव वाचला, पण फार उशीर झाला होता. मेंदूला इजा झाली होती.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. इंजेक्शन घेतलेल्या माणसाच्या थाळीला हात लावू नका. थाळी रिकामी दिसली तर कुणी खाल्लं ते विचारा. पाहुण्याला बाहेर नेऊन जेवू घाला. असा घाम फुटला, हात थरथरले, तर त्या माणसाला झोपू देऊ नका, लगेच सिस्टरला हाक मारा.

काल भीमा आला. मला मांडीवर घेऊन त्याने भात कालवला. त्याचे डोळे माझ्यातच गळत होते.

"आक्का, मी भीमा गं. मीच खाल्लं तुझं. आता तू जेव."

चांगुणाबाईंनी घास गिळला. त्याच्याकडे बराच वेळ परक्यासारखं बघितलं. मग मला हळूच त्याच्याकडे सरकवत अडखळत म्हणाल्या,

"पाव्हणं, तुमी जेवला का?"