ताईच्या मनगटावरचा डाग

लहानपणी मला पेटत्या स्टोव्हपासून ओढताना ताईचं मनगट भाजलं. तेव्हापासून ती लांब बाह्यांचेच कपडे घालते. टॅटूच्या कामात माझा हात बसल्यावर तो डाग गडद निळ्या फुलाने झाकून द्यायचं मी कबूल केलं होतं.

आधी मी सात सुयांचा गोल जुडगा लावला. रंग आत जायचा आणि पुसला की निघून यायचा. मग सुयांची रुंद, चपटी ओळ घेतली आणि तिला बसेल अशी मोठ्या तोंडाची नळी. आता रंग भरपूर उतरत होता, पण त्या पातळ कातडीतून रक्त येऊ लागलं. शेवटी कडांना वळलेली, कातडीला कमी टोचणारी सुयांची ओळ लावून पाहिली. तरी निळा रंग ठिपक्याठिपक्यांनीच बसला.

“थांबलीस का गं?” ताईने विचारलं.

“आणखी टोचलं तर जखम होईल, ताई. कातडी रंग धरतच नाहीये.”

“दुसरी एखादी सुई असेल ना?”

ट्रेमध्ये आणखी चार पाकिटं होती. त्यातली एकही सुई उपयोगाची नव्हती. मी हात टेकले, मशीन बंद केलं. ताई मात्र मनगट तसंच पुढे धरून बसली होती.