इथं कुणाला कळतंय!

गंधारला स्वतःला फुटबॉल खेळता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोल्हापुरात जन्मून, पेठेत वाढून, मामा तालमीच्या संघात हाफबॅक असूनही ह्या गड्याच्या पायाला चेंडू कधी चिकटला नाही. पण ओरडायला सांगा! मैदानाच्या कडेला उभं राहून हलगीच्या ठेक्यावर हजार माणसं एका सुरात कशी ओरडायला लावायची, हे त्याने शाळेच्या वयातच बघून ठेवलं होतं. आपल्या पोरांच्या अंगात वारं कसं भरायचं आणि समोरच्या गोलकीपरला कसं कासावीस करायचं, ही दोन्ही कामं त्याला सारखीच आवडायची. त्यातलं दुसरं वाईट आहे असं त्याच्या पेठेत कुणी म्हटलं नव्हतं.

लॉजिस्टिक्समध्ये मास्टर्स करायला तो नेदरलँड्समधल्या ब्रेडाला आला, तेव्हा ही विद्या इथे कामी येईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्याच्या वर्गातली वल्लरी, पक्की कोथरूडची, कॉलेजच्या मुलींच्या संघात फॉरवर्ड खेळायची. एका शनिवारी तिने त्याला मॅचला बोलावलं. गंधार सायकल हाणत पोचला, तर कठड्याला टेकून दोन बॉयफ्रेंड, एक आई आणि एक कुत्रा, एवढाच प्रेक्षकवर्ग. संघ सहा गोलांनी हरला. बदली खेळाडू एकच, आणि तीही पाय मुरगळलेली.

"सरावाला निम्म्या जणी येतच नाहीत," वल्लरी बुटांचा चिखल झाडत म्हणाली. "यायचं तरी कुणासाठी? त्या कुत्र्यासाठी?"

पुढच्या शनिवारी गंधारने कपाटावरची हलगी काढली. शिवजयंतीला लागेल म्हणून ब्लँकेटमध्ये गुंडाळून त्याने ती घरून आणली होती. इथल्या दमट थंडीत तिचं कातडं सैल पडायचं, म्हणून आधी तो ती कँटीनच्या हीटरवर शेकून घ्यायचा आणि मग बाहेर जाऊन अशी कडकडवायचा की शेजारच्या मैदानावरची म्हातारी मंडळीसुद्धा हॉकी सोडून कठड्याशी यायची. पहिल्या आठवड्यात वर्गातली चार मराठी पोरं आली, ती त्याच्या धाकाने. मग यॉरिस आला. हा सहा फुटी डच पोरगा, ठेका धरता येत नव्हता, पण फुप्फुसं बैलाची. त्याने त्याचे मित्र आणले, मित्रांनी मैत्रिणी आणल्या. दिवाळीपर्यंत कठड्याला पन्नास-साठ जणं लागायला लागली आणि "चला गं पोरी, मारा गं" हे सगळी डच पोरं इतक्या मनापासून म्हणायची की वल्लरीला खेळता खेळता हसू आवरायचं नाही.

आणि संघ जिंकायला लागला. आता शिट्ट्यांनी गोल होत नाहीत, हे कुणीही सांगेल. पण ज्यांच्याकडे साठ माणसं बघताहेत त्या मुली सरावाला दांडी मारत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुली संघात घ्या म्हणून मागे लागल्या. कॉलेजने अर्धवेळ का होईना, एक खरी प्रशिक्षक नेमली. गावातल्या एका गोदामवाल्याने कठड्यावर आपली पाटी लावून बदल्यात नव्या जर्सी दिल्या. प्रशिक्षकबाई एकदा सगळ्यांसमोर म्हणाल्या, की ह्या संघाचं अर्धं श्रेय त्या ढोलवाल्याला आहे. हलगीला ढोल म्हटलेलं गंधारने त्या दिवशी माफ केलं. आयुष्यात प्रथमच एखाद्या संघाच्या फोटोत तो उभा राहिला.

इथवर सगळं छान होतं. पण नाताळच्या आधी एक मॅच बरोबरीत अडकली आणि गंधारच्या जिभेला जुनी खाज सुटली. समोरच्या कीपरच्या काड्यांसारख्या पायांवरून त्याने मराठीत एक ओळ रचली, ठेक्यात बसवली, आणि साठ जणांनी ती उचलली. ती बिचारी गोंगाटानेच बावरली आणि तिने दोन गोल खाल्ले. तेव्हापासून दर मॅचला समोरच्या कीपरसाठी नवीन ओळ. कधी वेणी, कधी नाक. यॉरिसने अर्थ विचारला, तर "जोर लावा, असं आहे ते," म्हणून मोकळा.

वल्लरीने मात्र त्याला एकदा अडवलं. "गंधार, हे बरं नाही हं. मला मैदानात सगळं ऐकू येतं."

"तुला ऐकू येतं. त्यांना थोडंच कळतं? अगं, इथं कुणाला कळतंय!"

संघ जिंकत होता, म्हणून वल्लरीही गप्प बसली. हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं.

मे महिन्यात शेवटची मॅच आली. जिंकलं तर वरच्या गटात बढती, बरोबरी झाली तरी पुढचं वर्षभर आहे तिथेच. पाहुणा संघ हेगच्या बाजूचा होता, आणि त्यांच्या गोलात एक भरभक्कम, सावळी मुलगी उभी होती. मैत्रिणी तिला सॅम म्हणून हाका मारत होत्या. गंधारने तिच्याकडे एकवार बघितलं आणि ठरवून टाकलं, की ही सुरिनामी, जुन्या डच वसाहतीतून आलेल्यांपैकी. हेगकडे ती मंडळी पुष्कळ. त्यांचे पणजोबा बिहारकडचे, मराठीशी काडीचा संबंध नाही. एवढं संशोधन त्याने तीन सेकंदांत उरकलं.

पोरगी खेळली मात्र अशी की बघत राहावं. पहिल्या अर्ध्या वेळात वल्लरीचे तीन फटके तिने अडवले, एक तर आडवं झेपावून, बोटांच्या टोकांनी. पण ती पलीकडच्या गोलात होती, लांब. गंधारचा आवाज तिथवर नीट पोचत नव्हता.

मध्यंतरात एक म्हातारा कठडा धरून धरून त्याच्याकडे आला. पांढऱ्या मिशा, स्वेटरवर नातवाचं असावं तसलं चमकदार जाकीट. हलगीकडे बघून त्याचे डोळे चमकले.

"कोल्लापूरचा न्हवं का रं तू? हात वळखला मी. मी बाळासाहेब. लई दिवसांनी असा कडकडाट ऐकला बघ."

गंधारला आनंदाचं भरतं आलं. "आजोबा, तुम्ही इथं कसे?"

"ल्येकाकडं आलोय, हेगजवळ फोरबर्गला. नात खेळतीया न्हवं माझी. पहिल्यांदाच बघतोय तिचा खेळ." म्हाताऱ्याने पिशवीतून भडंगाचा पुडा काढला आणि पहिली मूठ गंधारच्या हातावर ठेवली, दुसरी यॉरिसच्या. "आता बाजू बदलतील. हिकडंच येईल ती. मग दावतो तुला."

बाजू बदलल्यावर गोलकीपर ह्या टोकाला येते, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागू नये. पण गंधारचं लक्ष होतं कुठे? भडंग तोंडात टाकत तो नवी ओळ जुळवत होता. शिट्टी झाली, खेळाडू आल्या, आणि ती भरभक्कम मुलगी त्याच्यापासून वीस पावलांवर, पाठ करून उभी राहिली. म्हातारा जाऊन गोलच्या मागे, जाळीला लागून उभा राहिला. यॉरिसने प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात टाकला.

गंधारने हलगी उचलली.

"म्हशी, हल की! म्हशी, हल की!"

सोपं होतं, ठेक्यात बसत होतं. दोन वेळा ऐकून साठही जणांनी उचललं. पहिल्याच आरोळीला मुलीने मान वळवली. इतर कीपर गोंगाटाकडे बघायच्या. हिने नेमकं गंधारकडे बघितलं. तो मनात म्हणाला, लागलं. आणि आणखी जोरात वाजवायला लागला.

ती खेळत राहिली. आणखी दोन चेंडू तिने अडवले, पण आता पुढे धावण्याआधी क्षणभर थबकायची, जर्सी खाली ओढायची. पोटावरून जर्सी खाली ओढणारी मुलगी गंधारने बघितली आणि त्याला वाटलं, अजून थोडा वेळ, मग ही फुटते. हे त्याला वाटलं होतं, हे तो नंतर कितीही धुवायला गेला तरी निघालं नाही.

खेळ संपत आला असताना डावीकडून एक उंच चेंडू आला. तिचाच होता तो, हात वर करून घ्यायचा. ती दोन पावलं पुढे आली, साठ गळे एकदम ओरडले, आणि ती थांबली. चेंडू तिच्या हातांतून निसटला, ती कोपरावर पडली. वल्लरीने रिकाम्या गोलात तो नुसता ढकलला. पण वल्लरी नाचली नाही, हात वर केले नाहीत. ती तशीच उभी राहिली.

आणि त्या गदारोळात जाळीमागून म्हाताऱ्याचा आवाज आला. "संहिता! ऊठ, माझी बाळ ती! ऊठ!"

गंधारच्या हातातली काडी जागच्या जागी थांबली. मुलगी उठून बसली होती आणि कोपर धरून आजोबांना मानेनेच "काही नाही" म्हणत होती. हलगी थांबली, पण माणसं कुठली थांबतात! ती ओळ आता त्याच्याशिवायही येत होती त्यांना. म्हाताऱ्याच्या कानाशी, त्याला एका हाताने कवटाळून, यॉरिस जीव तोडून ओरडत होता, "म्हशी, हल की!"

संघ जिंकला. बढती मिळाली. गंधारला खांद्यावर उचललं गेलं, आणि खाली कधी उतरवतात असं त्याला झालं.

मॅचनंतर दोन्ही संघांनी एकाच कँटीनमध्ये बसायचं, ही इथली रीत. गंधार कोपऱ्यात लपून बसला होता. संहिता ओल्या केसांनी, कोपरावर बर्फाची पिशवी धरून आजोबांशेजारी बसली होती. यॉरिस तिच्या टेबलाशी गेला, तो अगदी निर्मळ मनाने.

"आजोबा, तुम्ही गंधारच्याच गावचे ना? आम्ही वर्षभर ओरडतोय, आणि हा नुसतं 'जोर लावा' एवढंच सांगतो! आजच्या गाण्याचा अर्थ काय हो?"

बाळासाहेबांनी सबंध खोलीवरून नजर फिरवली आणि ती गंधारवर आणून ठेवली. "आस्क हिम," ते म्हणाले.

सगळी तोंडं गंधारकडे वळली. वल्लरीचंही. खरं सांगावं तर हे सगळं, संघ, पाटी, फोटो, ही माणसं, क्षणात जाईल. संहिता त्याच्याकडे बघत होती. रागाने नव्हे, नुसतं वाट बघत.

"म्हणजे... 'वाघीण आहेस' असं," गंधार म्हणाला. "चांगल्या कीपरला म्हणतात आमच्याकडे."

पोरीची लाज झाकतोय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. कसली पोरीची? झाकत होता ती स्वतःची.

"मग हे हिच्यासाठीच!" यॉरिसने ग्लास उंच केला. "काय खेळली ही आज!" साठच्या साठ जण उठले, पाहुण्या संघाच्या मुलीही उठल्या, सगळे संहिताकडे तोंड करून हसत, प्रेमाने, टेबलं बडवत गायला लागले: "म्हशी, हल की! म्हशी, हल की!"

तिच्या कानशिलांपर्यंत रंग चढला. पण ती उठून उभी राहिली, सगळ्यांकडे बघून हसली आणि तिने डचमध्ये आभार मानले, "दांक यू वेल." गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली. मग आजोबांनी तिची बॅग उचलली आणि दोघं बाहेर पडले.

गंधार पार्किंगमध्ये धावला. "आजोबा! आजोबा, माझी चूक झाली. मला माहीत नव्हतं हो, ती तुमची नात आहे ते."

म्हातारा गाडीच्या दाराशी थांबला. "माझी नसती तर चाललं असतं व्हय रं?"

बाळासाहेब आत बसले आणि त्यांनी काच वर केली. संहिताने बॅग मागे टाकली. ती इंग्रजीत, अगदी सावकाश म्हणाली, "मला सॉरी नको म्हणूस. मला अर्थ पहिल्यापासून कळत होता. त्यांना कळत नाहीये. त्यांना सांग." आणि गाडी सुरू करून निघून गेली.

गंधार बराच वेळ बाहेर उभा होता. आत गेला तेव्हा गाणं चालूच होतं. त्याने यॉरिसच्या हाताला धरून त्याला थांबवलं, मग बाकीचे थांबले. आणि त्याने सांगितलं. म्हैस म्हणजे काय ते सांगितलं, हल की म्हणजे काय ते सांगितलं, काड्यांसारख्या पायांचं, वेणीचं, नाकाचं, सगळं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचा आवाज दुसऱ्याचा वाटत होता. वल्लरी भिंतीला टेकून रडत होती.

यॉरिसला समजायला वेळ लागला. "ते म्हातारे गृहस्थ... मी त्यांच्या कानात ओरडत होतो."

"हो."

"आणि आत्ता, आपण सगळे तिच्याकडे बघून गायलो. तेव्हा तिला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि ती आपल्याला थँक यू म्हणाली."

यॉरिसने ग्लास ठेवला आणि जाकीट न घालताच बाहेर पळाला. मागोमाग एक, दोन, आणि मग सगळेच. खिडकीतून गंधारला दिसत होतं, साठ माणसं पार्किंगमध्ये इकडेतिकडे बघत होती, आणि गाडी केव्हाच हायवेला लागली असणार. थोड्या वेळाने ती एकेक करून आत आली, आपापले कोट घेतले, खुर्च्या नीट लावल्या आणि घरी गेली. कुणी त्याला शिवी दिली नाही. तो दारापाशी उभा होता, आणि जाताना प्रत्येकाला त्याच्या अंगाला लागू नये म्हणून थोडं बाजूला व्हावं लागत होतं.