कोकिळाचं स्थळ

लग्नाच्या बाजारात एक नियम पक्का आहे. आपलं स्थळ आपल्या तोंडानं सांगायचं नसतं. ते सांगायला काका लागतो, मामा लागतो, निदान एखादी मोठ्या तोंडाची आत्या तरी लागते. लीलाधरकडे यातलं कोणी नव्हतं. वडील लहानपणीच गेले, आई गेल्या साली गेली, आणि तिच्याबरोबर त्याच्या लग्नाचा विषय काढणारं शेवटचं माणूसही गेलं. वय छत्तीस. जळगावच्या एका क्लासमध्ये तो संगणक शिकवी आणि संध्याकाळी मेहरूणच्या दोन खोल्यांत परतून कुकर लावी. त्याला बायको हवी होती. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगणार कोणाला?

अशा माणसाकडे धुळ्याच्या समाज-मंडळानं वधू-वरांचं काम द्यावं, म्हणजे उपाशी माणसाला पंक्तीत वाढायला उभं करण्यासारखं. मंडळाचे अध्यक्ष झुलालनाना. संगणकाला हात लावायचे नाहीत, पण सुरतेची, पुण्याची, अमेरिकेतली पोरं इंटरनेटवर स्थळं बघतात हे त्यांच्या कानावर आलं होतं. तेव्हा नव्व्याण्णव साल चालू होतं आणि ज्याला त्याला वेबसाइट हवी होती. नाना म्हणाले, तू करून दे. लीलाधर हो म्हणाला.

आता वेबची पानं दोन तऱ्हेची. एक पत्रिकेसारखी, छापलं तेवढंच दाखवणारी. दुसरी विचारलं की शोधून उत्तर देणारी, आणि तिच्यामागे सर्व्हर नावाचा हरकाम्या लागतो. सायबर कॅफेत तासावर पैसे मोजत चुका शोधत बसणं परवडणारं नव्हतं. म्हणून लीलाधरनं घरच्या संगणकावरच सर्व्हर चालू केला. आधी घरी सगळं तपासायचं, मग कॅफेत जाऊन एकदाच अपलोड करायचं. फक्त घरच्या सर्व्हरची गंमत अशी की विचारणारे आपण आणि उत्तर देणारेही आपणच. दार आपण वाजवायचं आणि आतून ‘कोण आहे’ म्हणूनही आपणच ओरडायचं.

मंडळाची वधू-वरांची पुस्तिका अजून छापखान्यात होती. तपासायला नावं हवीत म्हणून त्यानं पहिलं नाव स्वतःचं टाकलं. कूळ, मामकुळ म्हणजे आईच्या माहेरचं कूळ, उंची, शिक्षण. बटण दाबलं. ‘आपल्याला जुळणारे स्थळ नाही.’ पान बरोबर चाललं होतं. तरी त्याला ते लागलं.

पण स्थळ जुळल्यावर कोणतं पान येतं, तेही तपासायला हवं की नाही? मग त्यानं एक मुलगी तयार केली. कूळ वेगळं, मामकुळ वेगळं, वय चौतीस, गाव सोनगीर, नाव कोकिळा. अपेक्षांच्या चौकटीत बाकी मुली लिहितात स्वतःचं घर, सरकारी नोकरी, निर्व्यसनी. कोकिळासाठी काय लिहावं यावर तो बराच वेळ बसला आणि शेवटी त्यानं लिहिलं, ‘संध्याकाळी घरी येणारा असावा.’ बटण दाबलं. ‘श्री. लीलाधर, आपल्यासाठी एक स्थळ आहे.’

इथंच काम संपायला हवं होतं. पण त्याचं टेस्टिंग काही संपेना. क्लासहून आला की चपला काढायच्या आधी तो संगणक चालू करी आणि स्वतःसाठी स्थळ शोधी. रोज तेच पान, रोज तेच नाव. अक्षरांचा रंग बदल, नाव जरा मोठं कर, असली कामं तो उकरून काढी. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं भान राहीना. दोनदा वरण करपलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथं तर नवरी स्वतःच टाइप केलेली.

पुस्तिका आली. त्यानं खऱ्या मुलींची सगळी नावं भरली आणि पुन्हा स्वतःसाठी शोधलं. एवढ्या मुलींतून त्याला जुळणारी निघाली ती कोकिळाच. बाकी कोणाला पगार कमी पडे, कोणाला घर, कोणाला वय चालेना.

अपलोड करण्याआधी टेस्टिंगची दोन्ही नावं काढायची होती. स्वतःचं त्यानं मुद्दाम ठेवलं. बिनकाकाच्या माणसाला आपलं स्थळ चारचौघांत ठेवायची ही एकच जागा होती. कुठं कोणी बघेल, फोन करील. कोकिळाचं काढायचं राहिलं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. राहिलं बिहिलं काही नव्हतं. त्याच्यानं ते काढवलं नाही.

साइटवर चौकशीसाठी फोन मंडळाच्या कचेरीचा दिलेला होता. महिन्याभरानं नानांचा क्लासवर फोन आला. ‘लीलाधरभाऊ, एक स्थळनं बोलनं शे. फोनवर नही. तू धुयाले ये.’

स्थळाचं बोलणं, तेही समक्ष! रविवारी त्यानं दाढी केली, दिवाळीचा शर्ट इस्त्री केला आणि पारोळ्यावरून जाणारी एसटी पकडली. मुलगी कुठली असेल? आई असती तर तिनं काय विचारलं असतं? वाटभर तो खुशीत होता, इतका की कंडक्टरकडून सुटे पैसे घ्यायचे विसरला.

कचेरीत नाना एकटेच होते. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली.

‘ती कोकिळा कोनी पोर शे रे भाऊ? बठ्ठा लोके तिलेच इचारी ऱ्हायनात. सुरतना एक ट्रकवाला म्हने, मी गाडी इकी टाकस, रोज संध्याकाळे घर ऱ्हासू. मना भाचाले बी तीच पसंत शे. तिना बापना पत्ता दे माले.’

लीलाधरनं चहाचा कप खाली ठेवला. खरं सांगणं सोपं होतं, एका वाक्याचं काम. पण त्यानं दुसरंच सांगितलं.

‘तिचं जमलं, नाना.’

‘जमी गयं? कोठे दिधी?’

‘जळगावला.’

‘मानूस कसा शे?’

‘बरा आहे. साधाच आहे.’

नानांनी हळहळून मान हलवली. सोन्यासारखी पोर हातची गेली म्हणाले. मग भाच्यासाठी दुसरं बघू, असं म्हणून ते उठायला लागले. आता नाही तर कधीच नाही, असं लीलाधरला वाटलं. त्यानं जमिनीकडे बघत विचारलं, ‘नाना, माझ्या नावाला कोणी काही विचारलं का?’

नाना अर्धवट उठलेले तसेच थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, नुसतं नवल होतं.

‘तुनं नाव बी शे का त्यामा?’

लीलाधरनं वर पाहिलं. हो म्हणायचं होतं. म्हणायचं होतं की नाना, मला कोणी नाही, तुम्हीच माझ्यासाठी शब्द टाका. नानांनी टाकलाही असता; माणूस वाईट नव्हता. पण दाराबाहेर कोणीतरी एका मुलीच्या बापाला बसायला सांगत होतं.

‘नाही नाना,’ तो म्हणाला. ‘ते टेस्टिंगसाठी टाकलेलं. खोटंच आहे.’

‘मंग काढी टाक भाऊ,’ नाना म्हणाले. ‘उगाच एखादी पोरना बाप फसाई जाई.’