बारावा आकडा

खिसे पाच, त्यांतला एक चोरखिसा, आणि चेन अडकणारी. अशी मी एक जुनी सॅक आहे, मित्रांनो. चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात एका कारागिराने मला जाड कापडातून शिवले. हवाई दलात नुकतेच लागलेले साताऱ्याचे गुरुनाथ मला घेऊन गेले. वीस वर्षे त्यांच्या पाठीवर बसून मी देश पाहिला. महत्त्वाचा कागद ते माझ्याच चोरखिशात ठेवत. याचा मला केवढा तोरा होता!

यंदा त्यांची चंदीगडची दुसरी बदलीही संपत आली. हिमाचलातले डोंगरातले राष्ट्रीय उद्यान पाहायचे तीन वर्षे नुसते ठरत होते. त्यांची मुलगी स्वानंदी विचारून विचारून थकली. अखेर गुरुनाथांनी रजा काढली, वनखात्याचा परवाना मिळवला. आता हुकले तर गेलेच.

बदलीवाल्यांच्या घरी जे सोबत न्यायचे ते काळ्या पेटीत जाते आणि पेटीवर पांढरा आकडा रंगवतात. गुरुनाथांच्या पत्नी मीनाक्षी यांनी अकरा पेट्या भरल्या आणि उद्यानाला निघायच्या आदल्या सकाळी मला भंगारवाल्याच्या हवाली केले. आकडा नाही, म्हणजे घर नाही. मला फार रडू आले, पण सॅकला कोण विचारतो?

थोड्याच वेळात घरात गुरुनाथांचा आवाज चढला, हे मला मागाहून कळले. "मीनाक्षी, माझी सॅक कुठंय? परवाना तीत आहे!"

"अगं बाई! अहो, ती मी आत्ताच भंगारात दिली."

"मम्मा, कबाडीवाले अंकल अभी गेट पर होंगे!" म्हणत स्वानंदी अनवाणीच पळाली.

गेटपाशी मी हातगाडीच्या दांड्याला लटकत होते. म्हातारा भंगारवाला हसला. "ले पुत्तर. पट्टे पक्के हैं, मैंने तो अपने लिए रखी थी।"

स्वानंदीने चोरखिशात हात घातला. परवाना जसाच्या तसा होता. तिने मला कवटाळले आणि माझा जीव भांड्यात पडला. घरी गुरुनाथ पायरीवर मटकन बसले आणि हसतच सुटले.

"चुकलंच माझं," मीनाक्षी म्हणाल्या. "खिसे तरी बघायचे होते."

मग त्यांनीच ब्रश घेतला आणि माझ्या झाकणावर ठसठशीत आकडा काढला, १२.

मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिच्या खिशात एकदा हात घालून बघा. आज मात्र मला हात लावू नका. उद्या डोंगरात जायचे आहे आणि रंग अजून ओला आहे.