शेंडा

दोंडाईच्याला भाईदास राजपुतांच्या घरासमोर कापसाच्या गोदामाची भिंत उभी राहिली आणि त्यांच्या ओट्यावर ऊन यायचं बंद झालं. त्याचं कोणालाच फारसं वाटलं नाही. उन्हाळ्यात दार गार राहील म्हणून भाईदास उलट खूशच होते. घरात गोषा होता. दाराला तागाचं जाड टाट लोंबत असे, त्यामुळे सुनेला ऊन तसंही दिसत नव्हतं.

पुढच्या वर्षी ती सून, झुंबर, खोकू लागली. नवरा भुसावळला रेल्वेत, सणावारापुरता यायचा. सासू सुंदरबाई तिला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले, "कोंडून ठेवाल तर ही हाती लागणार नाही. दिवसभर मोकळ्या हवेत बसवा."

घराला परसू नव्हतं. मोकळी हवा म्हणजे ओटा.

"ओट्यावर? भर रस्त्यात?" भाईदास म्हणाले.

"बांबूच्या काड्यांची चिक सोडू की."

"चिक दिसली की लोक मुद्दाम डोकावतात. वेल लाव. वेलीकडे कोण बघतंय? चांगली दाट होऊ दे, मग बसव खुशाल."

भाईदास शब्दाचे पक्के होते. सुंदरबाईने रॉकेलचे दोन रिकामे डबे मिळवले, खिळ्याने बुडाला भोकं पाडली, काळ्या मातीत नदीची वाळू आणि शेणखत कालवलं आणि दाराच्या दोन्ही अंगांना मधुमालतीच्या फांद्या खोचल्या. पहिलं पाणी झुंबरच्या हातून घातलं. हळदकुंकू वाहून म्हणाली, "या तुझ्या नावाच्या वेली. या वाढतील तशी तू वाढशील."

पावसाळ्यात वेलींनी जीव धरला. सुतळीला धरून त्या सरळ वर निघाल्या. खाली सावलीत आलेली पानं पिवळी पडून गळाली, पण शेंडे थांबले नाहीत. कौलांवर, जिथे ऊन होतं, तिथे पोचल्यावर मात्र दोन्ही वेली अंगभर पसरल्या. येणारे-जाणारे मान वर करून बघत. "काय फुलली हो मधुमालती!" म्हणत. ओट्यावर माणसाच्या उंचीपर्यंत नुसत्या दोन काड्या होत्या.

झुंबर टाटाच्या फटीतून रोज बघायची.

"आत्याबाई, शेंडे खुडा. आमच्या मळ्यात बाबा भोपळ्याचे खुडायचे. शेंडा गेला की खालून फुटवे येतात."

"भोपळ्याची गोष्ट निराळी. या तुझ्या नावाच्या आहेत."

"म्हणून तर म्हणते, माझ्याच आहेत ना? मग खुडा."

"जिभेला काही हाड? आजारी माणसाच्या नावाच्या वेलीला कोणी नख लावतं का?"

झुंबर हसली. हसता हसता तिला ढास लागली.

तरी एका सकाळी सुंदरबाई स्टुलावर चढली. तांबूस, लुसलुशीत शेंडा तिने दोन नखांत धरला. आत खोकला सुरू झाला आणि थांबेना. तिचा हात आपोआप सुटला. ती खाली उतरली, डब्यांना पाणी घातलं आणि आत गेली.

तेव्हा भाद्रपद होता. तेव्हा खुडलं असतं तर फुटवे यायला दिवस होते.

पौषात झुंबरच्या खोकल्यातून रक्त पडलं. त्याच दिवशी सुंदरबाईने दोन्ही वेली कौलांवरून ओढल्या आणि विळ्याने छाटल्या. शेंडेच काय, हात पोचला तिथवर सगळं छाटलं. मग ती रोज वाकून काड्यांची पेरं बघू लागली. थंडीत पेरं फुगत नव्हती. एकही डोळा कुठे फुटला नाही.

एक दिवस भाईदास बाहेरून आले ते ओट्यावरच थांबले. त्या दोन काड्यांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग दाराचं टाट खिळ्यांवरून काढलं.

"बसव तिला," ते म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले.

सुंदरबाईने झुंबरला धरून आणलं, भिंतीशी टेकवून बसवलं, अंगाभोवती गोधडी लपेटली. समोर गोदामाची भिंत होती. झुंबरने त्या भिंतीकडे पाहिलं, मग डोळे मिटले.

"आत्याबाई, मला आत घ्या. आणि टाट लावायला सांगा. थंडी वाजते."

सासऱ्याच्या कानावर पडेल असं ती लग्नापासून कधी बोलली नव्हती.

तिला आत निजवून सुंदरबाई परतली, तेव्हा भाईदास टाट हातात घेऊन दारात चाचपडत होते. कुठली कड कुठल्या खिळ्याला, ते त्यांना उमगेना. सुंदरबाईने ते त्यांच्या हातून घेतलं आणि फट न ठेवता नीट लावलं.